चौकावर पॉलिकार्बोनेट शीट टाकली तर घर तापेल का? कोणती शीट घ्यावी?

सांगलीतील आपल्या जुन्या घराच्या दहा बाय दहा फुटी चौकावर पॉलिकार्बोनेटची, म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या टणक प्लास्टिकची, शीट टाकायची आहे, उजेड हवा पण घराची भट्टी नको, आणि दुकानदार म्हणतो की दुहेरी थराची पोकळ शीट घेतली तर उष्णता आत येतच नाही, हे खरे का, असे आपण विचारले आहे. मिरजेत छपरांची कामे करताना हा प्रश्न मला दर मार्चमध्ये ऐकावा लागतो. दुकानदाराचे म्हणणे अर्धे खरे आहे; मात्र ते खरे अर्धे आपल्याकडच्या उन्हाळ्यात फारसे कामाचे नाही.

छपरातून उष्णता दोन वाटांनी येते. बाहेरची हवा आतल्या हवेपेक्षा गरम असल्यामुळे शीटमधून जी झिरपते ती एक, आणि ऊनच थेट आत शिरून फरशीला व भिंतींना तापवते ती दुसरी. दोन थरांमधली कोंडलेली हवा पहिली वाट अरुंद करते, दुसरी नव्हे. आपल्या चौकाचे क्षेत्र साधारण ९ चौरस मीटर आहे. आत-बाहेर १० अंशांचा फरक धरला, तर एकेरी काचेतून सुमारे ५०० वॅट उष्णता झिरपेल आणि १० मिलिमीटरच्या पोकळ शीटमधून सुमारे २७० वॅट. म्हणजे बचत झाली जेमतेम अडीचशे वॅटची. याउलट भर दुपारी प्रत्येक चौरस मीटरवर १,००० वॅटच्या आसपास ऊन पडते आणि पारदर्शक पोकळ शीट त्यातले सुमारे ८० टक्के आत सोडते, तेव्हा चौकात सात हजार वॅट उतरतात. पाणी तापवायच्या सात कॉइल एकदम लावून ठेवल्यासारखेच ते आहे. ही शीट ज्या थंड देशांत नावाजली, तिथे खोलीतली ऊब बाहेर जाऊ न देणे हे मुख्य काम असते. आपले काम नेमके उलट आहे.

म्हणून शीट निवडताना जाडीच्या आधी दोन आकडे विचारावेत: उजेड किती टक्के येतो आणि उन्हाची एकूण उष्णता किती टक्के येते. हे दोन्ही आकडे वेगळे असतात, कारण उन्हातली निम्म्याच्या आसपास ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांची असते. तपकिरी शीट डोळ्यांना गार वाटते, पण ती ऊन शोषून स्वतः तापते आणि त्यातली काही उष्णता खालीच सोडते. दुधी शीट बरेचसे ऊन परतवते व उरलेला उजेड पसरवते, त्यामुळे कवडसे पडत नाहीत. अवरक्त किरण परतवणारी खास शीट याहून सरस, पण महाग. उजेड कमी पडेल ही भीती मात्र अनाठायी आहे. बाहेर भर उन्हात एक लाख लक्स (लक्स हे उजेड मोजायचे एकक) उजेड असतो आणि वाचायला ३०० लक्स पुरतात, तेव्हा २५ ते ३० टक्के उजेड देणारी शीट चौकाला भरपूर झाली.

सांगली १७ अक्षांशाच्या किंचित दक्षिणेला असल्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्याअखेरीस सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो. आडव्या छपराला सर्वाधिक ऊन नेमके तेव्हाच मिळते. शिवाय आत शिरलेल्या उन्हाने तापलेली फरशी जी उष्णता परत फेकते, तिला पॉलिकार्बोनेट काचेप्रमाणेच बाहेर जाऊ देत नाही. यावर उपाय शीटमध्ये नाही, बांधणीत आहे: छप्पर चौकाच्या कठड्यापासून फूटभर उंच उचलावे आणि चारही बाजूंनी जाळी किंवा तिरप्या पट्ट्या ठेवाव्यात, म्हणजे वर चढलेली गरम हवा निघून जाईल. मार्च ते मे शीटच्या वर, हातभर अंतर सोडून, शेडनेट ताणावी. तासगावकडे बेदाण्याच्या शेडवर असते तीच. आतून लावलेला पडदा हे काम करत नाही, कारण ऊन त्याच्यापर्यंत पोहोचते तेव्हा ते घरात आलेलेच असते.

बसवताना दोन चुका टाळाव्यात. अतिनील किरण अडवणारा थर बहुतेक शीटच्या एकाच बाजूला असतो आणि ती बाजू वर यावी लागते. मी माझ्याच जिन्यावरची शीट, ती बाजू दाखवणारी फिल्म आधीच सोलून टाकल्यामुळे, उलटी बसवली होती, आणि काही वर्षांतच ती पिवळी पडून ठिसूळ झाली. दुसरे म्हणजे ही शीट काचेच्या सुमारे सातपट प्रसरण पावते. १२ फुटी शीट हिवाळ्यातल्या पहाटेपासून मेमधल्या दुपारपर्यंत सुमारे १२ मिलिमीटर वाढते. त्यामुळे स्क्रूची भोके मोठी ठेवून रबरी वॉशर लावावेत. आमचे कारागीर सवयीने पत्र्यासारखे आवळून टाकतात, तेव्हा त्या दिवशी आपण स्वतः वर उभे राहावे.