मिरर डिस्कचं पार्टिशन: सुरुवातीला एवढंच

४ टीबीच्या दोन डिस्क घेतल्यात, छान केलंत. मिररमध्ये, म्हणजे दोन्ही डिस्कवर एकच डेटा जसाच्या तसा ठेवताना, वापरायला ४ टीबीच मिळतील, ८ नाही. त्यानं हिरमुसू नका.

पण मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून एखादं फोल्डर उडवलंत, तर ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जातं. लेकीच्या बारशाचे माझे फोटो असेच गेले, अजून हळहळ वाटते. म्हणून तिसरी, बाहेरची डिस्क घ्याच आणि ती चिंचवडला बहिणीकडे वगैरे ठेवा, स्वतःच्या घरात नको.

आता पार्टिशन, म्हणजे डिस्कचे भाग पाडणं:

- डिस्कवरच्या भागांची नोंद ठेवायच्या पद्धतींपैकी जीपीटीच निवडा. जुन्या एमबीआर पद्धतीला २ टीबीच्या पुढचं पेलत नाही.
- सिस्टिम आणि डेटा, दोनच भाग पुरेत. नवशिके सात-आठ तुकडे पाडतात. मग एक भरून वाहतो, बाकीचे रिकामे.
- शेवटी थोडी जागा मोकळी सोडा. बदलीची डिस्क किंचित लहान निघाली तरी अडत नाही.

डेटा भरण्याआधी कॉम्प्युटर बंद करून एक डिस्क काढा आणि तो सुरू होतो का पाहा. मग ती परत लावा, मिरर पुन्हा पूर्ण जुळू द्या आणि दुसरी काढून तेच. डिस्कवर सीरियल नंबरची चिठ्ठी लावा, नाहीतर घाईत चांगलीच डिस्क काढली जाते. पावसाळ्यात वीज जाते, म्हणून पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, चक्कर मारून यूपीएसही (वीज गेल्यावर थोडा वेळ कॉम्प्युटर चालू ठेवणारा बॅटरीचा डबा) आणा.

एन्क्रिप्शन (डेटा कुलूपबंद करणं) आणि एलव्हीएम (लिनक्सवर भागांचे आकार नंतर बदलायची सोय) नंतर बघू.