गिधाडं संपली म्हणून भारतात पाच लाख माणसं मेली, हे विद्यापीठातलं संशोधन खरं मानायचं का?

विचारणाऱ्यांनी प्रश्नाखाली लिहिलंय की, विद्यापीठांत पर्यावरण आणि आरोग्यावर ढिगाने पेपर निघतात, त्यातलाच हा एक. पक्षी मेले म्हणून माणसं मेली हे ऐकायला भारी वाटतं, पण पटत नाही.

आधी सरळ उत्तर देतो. पाच लाख हा आकडा कुणी प्रेतं मोजून आणलेला नाही, हिशेबाने काढलेला आहे. तो काढायची रीत मी समजून घेतली आणि मला ती पटली. पण मी लिहायला बसलोय ते वेगळ्या कारणाने. ज्या औषधाने गिधाडं मेली, ते औषध मी कित्येक वर्षं स्वतःच्या हाताने टोचलंय.

मी माणदेशात पशुधन पर्यवेक्षक होतो. लोक डॉक्टरच म्हणायचे. नव्वदीच्या मध्यावर त्या औषधाच्या, म्हणजे दुखणं आणि सूज उतरवणाऱ्या डायक्लोफिनॅकच्या, बाटल्या आमच्याकडे यायला लागल्या. माणसांसाठी ते आधीपासून होतं; पुढे पेटंट संपलं, आपल्याकडच्या कंपन्या सरसकट काढायला लागल्या आणि ते जनावराला परवडेल इतकं स्वस्त झालं. पाय मुरगळलेला बैल, जू घासून सुजलेला खांदा, कास दुखते म्हणून धार काढू न देणारी म्हैस, सगळ्यांना तेच. सकाळी सुई टोचली की संध्याकाळी बैल वैरणीला तोंड लावायचा. पेरणीच्या दिवसांत हे म्हणजे देवच पावला म्हणायचं.

आणि म्हातारी जनावरं. खाली बसलेली, परत न उठणारी. घरची बाई पदराने माश्या हाकत म्हणायची, "डॉक्टर, वाचणार न्हाई ती ठावं हाय, पर तिचं दुखणं तरी कमी करा." मी द्यायचो. कुणीही दिलं असतं. पण बघा, नेमकं हेच जनावर दोन दिवसांत ओढ्यापलीकडच्या माळावर जायचं, आणि औषध अजून त्याच्या अंगात असायचं.

त्या माळावर ढोर टाकलं, कातडं सोडवलं, की वरून घिरट्या सुरू. गिधाडं उतरली की काय कालवा! फिस्कारत, पंख पसरून एकमेकांच्या अंगावर धावत. अर्ध्या-पाऊण तासात सांगाडा उघडा. वास सुटायला सवडच नाही. पुढे त्याच माळावर ढोरं फुगून चार-चार दिवस पडून राहायला लागली, शाळेच्या बाजूला वारा फिरला की पोरं नाकाला रुमाल लावायची आणि कुत्र्यांची टोळी तिथेच मुक्कामाला. गिधाडं नेमकी कोणत्या वर्षी यायची थांबली, हे मला आज सांगता येत नाही. गावातल्या कुणालाच येत नाही. आम्ही म्हणायचो, डोंगरात गेली असतील.

राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव पक्षी अभयारण्यात मात्र एक माणूस घरटी मोजत होता. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे (बीएनएचएस) विभू प्रकाश. १९८० च्या दशकात त्यांनी तिथली गिधाडं मोजली होती. नव्वदीच्या मध्यावर पुन्हा मोजली तेव्हा घरटी निम्म्याहूनही कमी, आणि झाडांवर माना टाकलेले पक्षी. पुढे देशभरच्या मोजणीतून कळलं की १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्के संपली. म्हणजे हजारातलं एक उरलं.

कारण सापडायला वेळ लागला, कारण सगळे साथीचा रोग शोधत होते. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचे पशुवैद्यक लिंडसे ओक्स आणि त्यांचे सहकारी पाकिस्तानातल्या पंजाबात मेलेली गिधाडं फाडून बघत होते. आतड्यांवर, काळजावर खडूची भुकटी सांडावी तसा पांढरा थर. ते युरिक ॲसिड. मूत्रपिंडं बंद पडली की पक्ष्याच्या अंगात ते असं साचतं. विषाणू तपासले, कीटकनाशकं तपासली, शिसं-पारा तपासला. काही नाही. मग त्यांनी जे केलं ते मला सगळ्यात आवडतं: ते थेट ढोरांच्या डॉक्टरांकडे आणि औषधाच्या दुकानदारांकडे गेले आणि विचारलं, तुम्ही लोक जनावराला देता काय? मूत्रपिंडाला त्रास देणारं आणि सगळीकडे खपणारं एकच नाव पुढे आलं. आतून पांढरी पडलेली २५ गिधाडं तपासली, सगळ्याच्या सगळ्या २५ मध्ये डायक्लोफिनॅक. दुसऱ्या कारणाने मेलेली १३ तपासली, एकातही नाही. औषध टोचलेल्या जनावराचं मांस गिधाडांना खायला घातलं तर तीही तशीच मेली. २००४ मध्ये हे 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलं.

त्याच वर्षी केंब्रिजच्या ऱ्हिस ग्रीन यांनी गणित मांडून दाखवलं की, मेलेल्या जनावरांपैकी शंभरातल्या एकाहूनही कमी जनावरांत हे औषध असलं, तरी एवढा ऱ्हास होऊ शकतो. एका ढोरावर पन्नास-साठ पक्षी बसतात आणि गिधाडीण वर्षाला एकच अंडं घालते, हे लक्षात घ्या. माझ्याकडून वर्षाकाठी अशी किती ढोरं माळावर गेली असतील, तो हिशेब मी एकदा करायला घेतला आणि सोडून दिला.

आता तुमचा पाच लाखांचा मुद्दा. हे काम शिकागो विद्यापीठातले एयाल फ्रँक आणि वॉरविक विद्यापीठातले अनंत सुदर्शन यांचं, २०२४ साली अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यूमध्ये छापलेलं. दोघे अर्थतज्ज्ञ, पक्षीवाले नव्हेत. त्यांनी भारतातले सहाशेवर जिल्हे घेतले. काही जिल्ह्यांत गिधाडांना पूर्वीपासून मानवणारा प्रदेश होता, काहींत ती मुळातच फारशी नव्हती. औषध स्वस्त होण्याआधी दोन्हीकडचे मृत्युदर जवळपास सारखे चालायचे. औषध आल्यावर गिधाडांच्या जिल्ह्यांत मृत्युदर वर सरकला, चार टक्क्यांहून जास्त. दुसरीकडे तसं झालं नाही. २००० ते २००५ या वर्षांतला तो फरक माणसांत मांडला की साधारण पाच लाख होतात.

तुम्ही म्हणाल, त्याच काळात त्या जिल्ह्यांत आणखी काही घडलं असेल. रास्त शंका आहे, माझीही पहिली हीच होती. पण त्यांनी बाकीच्या खुणाही तपासल्या आहेत. गिधाडं गेली त्या जिल्ह्यांत कुत्री जास्त, रेबीजच्या लसीचा खप जास्त, नदी-नाल्याच्या पाण्यात विष्ठेतले जंतू जास्त. आणि सगळ्यात मोठा फरक कुठे दिसतो? जनावरं भरपूर आणि ढोरं टाकायला शहराच्या कडेला एकच जागा, अशा ठिकाणी. दुसरं एखादं कारण असतं तर ते बरोबर उकिरड्याशेजारीच का उगवलं असतं? फक्त रेबीजचा विचार करून २००८ मध्ये एक अंदाज आला होता, १९९२ ते २००६ मध्ये सुमारे ४८ हजार जादा मृत्यू. नव्या अभ्यासाने पाणी, सांडपाणी, इतर रोग हे सगळं एकत्र धरलं म्हणून आकडा फुगलेला दिसतो. त्यांनी पैशातही नुकसान मांडलंय, वर्षाला ७० अब्ज डॉलरच्या घरात. ते माझ्या डोक्यावरून जातं. माणसाच्या जिवाची किंमत धरून केलेला गुणाकार आहे, तो सोडून दिला तरी चालेल.

आता "उपयोग काय" म्हणाल तर आमच्या पेटीत काय बदललं ते सांगतो. २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफिनॅक बनवायला बंदी आली. बदल्यात काय द्यायचं, हेही विद्यापीठांनीच शोधलं: दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरिया विद्यापीठाच्या गेरी स्वॉन यांनी आणि सहकाऱ्यांनी मेलॉक्झिकॅम आधी तिकडच्या आणि मग आपल्याकडच्या गिधाडांना देऊन बघितलं, काही झालं नाही. आम्हाला परिपत्रक आलं तेव्हा खरं सांगतो, आम्ही कुरकुरलो. पहिल्याइतका झटका नाही, महाग आहे, अशी सगळ्यांची तक्रार.

मग पळवाट निघाली. माणसांच्या औषधाची तीस मिलीची मोठी बाटली मेडिकलमधून आणायची आणि बैलाला द्यायची. सर्रास चालायचं. २०१५ मध्ये ती मोठी बाटलीच बंद केली, माणसांसाठी फक्त तीन मिलीची ठेवली. हे डोकं कुणाचं ते माहीत नाही, पण त्याला मी सलाम करतो. चारशे किलोच्या बैलाला किलोमागे एक मिलिग्रॅम धरलं तरी चारशे मिलिग्रॅम लागतात. तीन मिलीच्या बाटलीत पंचाहत्तर. म्हणजे एका वेळेला पाच-सहा बाटल्या फोडत बसा, आणि तोवर बैल लाथ मारणार. उपदेशाने जे झालं नाही ते या कटकटीने बरंचसं झालं. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक या तशाच दुखणं कमी करणाऱ्या औषधांवरही जनावरांपुरती बंदी आली. ॲसिक्लोफिनॅक तर गाईच्या अंगात जाऊन डायक्लोफिनॅकच होतं, म्हणजे पाटी बदलून तोच माल.

२०२४ च्या जानेवारीत हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून काही गिधाडं विदर्भात आणली, ताडोबा आणि पेंचला. आमच्या माळावर आता प्लॉट पडलेत, कमान उभी आहे. मुलीने तिथे जागा बघितली होती. संध्याकाळी आम्ही दोघं बघायला गेलो तर कमानीखाली सात-आठ कुत्री बसलेली, आणि गाडीतून उतरायचं की नाही हे ठरवेपर्यंत अंधार पडला.