होनोलुलू ते ग्वाम: अंतर किती, वेळ किती?

प्रश्न: होनोलुलू आणि ग्वाम या विमानतळांमधलं अंतर मी रेखांशांवरून काढलं, तर जेमतेम १,६०० कि.मी. आलं. मग विमानाला सात-आठ तास का लागतात?

उत्तर: तुमचं सूत्र बरोबर असणार, रेखांशाची दिशा सुटली आहे. होनोलुलू १५७.९° पश्चिम, ग्वाम १४४.८° पूर्व. नुसती वजाबाकी केली की १३.१° उरतात आणि तिथेच घोळ होतो. दोन्ही बाजूंनी १८०° पर्यंतचं अंतर धरा: २२.१ + ३५.२ = ५७.३°. अक्षांश २१.३° आणि १३.५° उत्तर घेतले की पृथ्वीच्या मध्याशी सुमारे ५५° चा कोन येतो. एका अंशाला १११ कि.मी., म्हणजे साधारण ६,१०० कि.मी.

ताशी ८५० कि.मी. वेगाने सव्वासात तास. त्यात धावपट्टीपर्यंत जाणं, चढण, उतरण यांचा अर्धा तास मिळवा. पश्चिमेकडे जाताना वारा सहसा समोरून येतो, म्हणून जाताना आठ तासांच्या आसपास, येताना सातच्या आसपास.

खरी गंमत घड्याळाची. ग्वाम २० तास पुढे. सोमवारी सकाळी ८ ला होनोलुलूहून निघून आठ तास उडालात, तर ग्वामला मंगळवारी दुपारचे १२ वाजलेले असतात. उलट, मंगळवारी सकाळी ७ ला ग्वामहून निघालात तर सोमवारी संध्याकाळी ६ ला पोहोचाल! हॉटेलचं बुकिंग करताना हीच तारीख हमखास चुकते.

आणि तिकिटावर माजुरो, क्वाजालीन, पोनपे, चूक (Chuuk) अशी बेटांची नावं दिसली तर ते थेट विमान नव्हे. बेटाबेटावर थांबत जाणाऱ्या त्या फेरीत सगळा दिवस जातो.