एक बिऱ्हाड, तीन देश

"ताई, सासूबाई-सासरे जूनमध्ये सांगलीहून पहिल्यांदाच आमच्याकडे फ्रँकफर्टला येतायत, दोन महिन्यांसाठी. मुलं नऊ आणि पाच वर्षांची. यांनी दहा दिवसांचा बेत आखलाय: पॅरिस, इंटरलाकेन, युंगफ्राउ, मिलान, व्हेनिस. हॉटेलं आणि गाड्यांचा हिशेब मांडला आणि माझ्या पोटात गोळाच आला. घराचे हप्ते नुकतेच सुरू झालेत. काही बोलायला गेले की हे म्हणतात, 'आई-बाबा आयुष्यात एकदा येणार, तिथे हात आखडता घ्यायचा का?' मी कद्रूपणा करतेय का?"

नाही गं, अजिबात नाही. पण नवऱ्याचंही मन समजून घे. इतकी वर्षं गणपतीला, दिवाळीला आपण घरी नव्हतो, ही रुखरुख त्याला पॅरिस दाखवून भरून काढायचीय. म्हणून त्याच्यासमोर आकडे ठेवू नकोस, दुसरा बेत ठेव.

आमचे आई-बाबा पहिल्यांदा आले तेव्हा आम्हीही नऊ दिवसांत सहा शहरं केली. एका स्टेशनवर गाडी बदलायची होती आणि नेमकी लिफ्ट बंद. चार बॅगा, कडेवर मूल, समोर दोन मजल्यांचा जिना. बाबांनी न सांगता सगळ्यात जड बॅग उचलली. आई मधल्या पायरीवरच बसली, बूट काढले, तर मोज्याच्या रबराचा वळ पायात रुतलेला. पुढची गाडी गेली. त्या संध्याकाळी हॉटेलात कोणी कोणाशी धड बोललं नाही. इतके पैसे ओतून आम्ही त्यांना फलाट दाखवले, याचं मला आजही वाईट वाटतं.

पुढच्या खेपेला आम्ही एकाच गावात बिऱ्हाड केलं. तुलाही तेच सांगेन. श्वार्त्सवाल्डच्या, म्हणजे ब्लॅक फॉरेस्टच्या काठावर, ओफेनबुर्गजवळ गेंगेनबाख नावाचं लाकडी पट्ट्यांच्या जुन्या घरांचं छोटंसं गाव आहे. स्टेशनपासून गावात चालत जाता येतं. तिथे किंवा आसपास स्वयंपाकघर असलेली एक फेरियनवोनुंग, म्हणजे सुट्टीपुरतं भाड्याने मिळणारं घर, सहा-सात रात्रींसाठी घ्या. सहा माणसांना हॉटेलच्या दोन-तीन खोल्या घेण्यापेक्षा ती बहुतेकदा स्वस्त पडते, आणि सासूबाईंना सकाळी उठल्याबरोबर स्वतःच्या हातचा चहा मिळतो. हॉटेलात माझ्या आईची सगळ्यात मोठी अडचण तीच होती.

आता खरी गंमत. श्वार्त्सवाल्डमधल्या बऱ्याच गावांत मुक्कामाच्या पाहुण्यांना कोनुस नावाचं कार्ड मिळतं. दर रात्रीचा जो पर्यटनकर आपण भरतो, त्यातच ते येतं. त्या कार्डावर या पट्ट्यातल्या बस आणि लोकल-रिजनल गाड्या फुकट. आयसीई-आयसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्या मात्र त्यात नाहीत. सगळीच गावं या योजनेत नाहीत, म्हणून घर पक्कं करण्याआधी मालकाला विचार: "कोनुस-कार्ड मिळेल ना?" आणि पोचल्यावर ते आठवणीने मागून घे.

त्या कार्डावर श्वार्त्सवाल्डबानने ट्रीबेर्गपर्यंत जा. रोबर्ट गेरविग या अभियंत्याने आखलेला हा डोंगरी लोहमार्ग १८७३ मध्ये पूर्ण झाला. त्यावर ३९ बोगदे आहेत आणि चढ सोपा व्हावा म्हणून रूळ डोंगरात मोठमोठी वळणं घेत वर जातात. पहिल्या बोगद्यानंतर माझ्या बाबांनी खिडकी सोडली नाही. नातीबरोबर बोटांवर बोगदे मोजत होते आणि मधेच म्हणाले, "अगं, हा तर आपला खंडाळ्याचा घाट!" बोरघाटातून गाडी १८६३ मध्ये धावू लागली, म्हणजे या मार्गाच्या दहा वर्षं आधी. हे कळल्यावर त्यांचा चेहरा असा काही खुलला की पुढचे दोन दिवस शेजारच्या जर्मन आजोबांना ते खुणांनी तेच सांगत होते.

फ्रायबुर्गलाही एक दिवस द्या. तिथे जुन्या गावात रस्त्याच्या कडेने पाण्याचे छोटे पाट वाहतात, त्यांना बेखले म्हणतात. दोरी बांधलेली लाकडी होडी विकत मिळते. तुझा पाच वर्षांचा लेक दोन तास ती ओढत फिरेल आणि आजी-आजोबा चर्चच्या चौकातल्या बाजारात भाज्यांचे भाव विचारत फिरतील. बाजार रविवारी नसतो.

आणि परदेश? तो तर हाकेच्या अंतरावर आहे. ओफेनबुर्गहून छोट्या गाडीने केल या सीमेवरच्या गावी जायचं, तिथून ट्रामने ऱ्हाइन ओलांडली की स्ट्रासबुर्ग, म्हणजे फ्रान्स. पण जाताना एकदा चालत जा. केलमध्ये नदीवर पादचाऱ्यांचा पूल आहे. माझी आई त्याच्या मध्यावर थांबली, मागे बघितलं, पुढे बघितलं आणि म्हणाली, "मी फ्रान्सला पायी आले." परत गेल्यावर कॉलनीत तिने सगळ्यांत आधी हेच सांगितलं. स्ट्रासबुर्गचं कॅथीड्रल १४२ मीटर उंच आहे, १८७४ पर्यंत ती जगातली सगळ्यात उंच इमारत होती.

स्वित्झर्लंडसाठी गेंगेनबाखहून त्याच डोंगरी मार्गाने झिंगेनला जा, तिथे गाडी बदलून शाफहाउझेन. तिथून तीनेक किलोमीटरवर ऱ्हाइनचा धबधबा आहे. १५० मीटर रुंद, २३ मीटर उंच. नॉयहाउझेनच्या काठावरून तो बघायला तिकीट नाही. जूनच्या सुमारास वरच्या आल्प्समधलं बर्फ वितळतं, तेव्हा पाणी सगळ्यात जास्त असतं. तुमच्या बेतातलं युंगफ्राउ, म्हणजे तिथलं युंगफ्राउयोख हे डोंगरावरचं स्टेशन, ३,४५४ मीटरवर आहे, सवलतीशिवायचं तिकीट माणशी दोनशे फ्रँकच्या वर जातं. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या माणसाला तिथे डोकं गरगरलं तर ते पैसे आणि तो दिवस, दोन्ही गेले. शेंगेन व्हिसा तिन्ही देशांत चालतो, पासपोर्ट मात्र जवळ असू देत.

स्वित्झर्लंडच्या दिवशी बाडेन-वुर्टेमबेर्ग टिकीट काढा, म्हणजे श्वार्त्सवाल्ड ज्या राज्यात येतं त्याचं एका दिवसाचं तिकीट. एका तिकिटावर पाच जण, शाफहाउझेनपर्यंत चालतं, सोम ते शुक्र सकाळी नऊनंतर आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तीनपर्यंत. तुमचं बरोबर बसतं: चार मोठे, एक थोरली, आणि सहा वर्षांखालच्या धाकट्याला तिकीटच लागत नाही. सासू-सासरे दोन महिने आहेत, तर एखाद्या महिन्याला त्यांच्या नावावर डॉइचलांड टिकीट, म्हणजे देशभरातल्या लोकल-रिजनल गाड्यांचा मासिक पासही घेता येईल. २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झालेलं ते आता, २०२६ पासून, ६३ युरोंचं आहे. महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे जातात, आणि नऊ वर्षांच्या लेकीचं तिकीट त्यात धरलेलं नसतं.

वेळ निवडताना हेस्सेच्या, म्हणजे तुमच्या फ्रँकफर्टच्या राज्यातल्या शाळांची सुट्टी लागल्या लागल्या निघा. बाडेन-वुर्टेमबेर्गच्या सुट्ट्या शेवटी लागतात, त्यामुळे त्या आठवड्यात गर्दी आणि भाडं दोन्ही जरा कमी असतं.

खाण्याचं सासूबाईंवर सोपव, त्यांना ते हवंच असतं. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला घरून न्या. गाडीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. शनिवारी संध्याकाळी दूध-भाजी भरून ठेवा, रविवारी दुकानं बंद. नळाचं पाणी पिण्याचं असतं, प्रत्येकाने आपली बाटली भरून घ्यावी. विकत घेतलेल्या बाटल्या फेकू नका, एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या एकेका बाटलीवर २५ सेंट परत मिळतात. हे काम आजोबा-नातवाला द्या. आमच्याकडे बाबा एकेक बाटली हातात द्यायचे आणि नात टाचा उंचावून यंत्रात सरकवायची. आठ बाटल्यांची दोन युरोंची चिठ्ठी बाहेर आली की दोघं थेट आइस्क्रीमच्या रांगेत.

दोन ठिकाणी मात्र एक पैसाही वाचवू नकोस. एक, सासू-सासऱ्यांचा प्रवासविमा. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचं संरक्षण लागतं, पण आधीपासूनचा मधुमेह किंवा हृदयविकार त्यात धरलाय का, हे पॉलिसी वाचून बघ. दुसरं, लांबच्या गाडीतल्या राखीव जागा. वयस्कर माणसांना दरवाज्यापाशी उभं राहून दोन तास काढायला लावू नकोस.

आणि आजच सांगलीला फोन कर. दोघांनाही चांगले बूट घ्यायला सांग आणि ते निघेपर्यंत रोज संध्याकाळी घालून चालायला सांग, म्हणजे इथे पहिल्या दिवशी फोड येणार नाहीत.