आईच्या मॅमोग्राफीत बायरॅड्स 4 आलंय. काका म्हणतात सुई लावू नका. पुढे काय होतं?

तुम्ही लिहिलंय की आई 54 वर्षांची आहे, स्तनात हाताला गाठ लागत नाही, तरी मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेच्या, रिपोर्टमध्ये बायरॅड्स 4 आलं (फोटोत किती संशय वाटतो ते सांगणारी श्रेणी). डॉक्टरांनी बायोप्सी, म्हणजे सुईने तुकडा काढून तपासणं, सांगितली आणि काका म्हणतात, 'गाठीला सुई लावली की कॅन्सर पसरतो.' आईला अजून काहीच सांगितलेलं नाही. मी आधी काकांच्या वाक्याला उत्तर देणार आहे, कारण तेच वाक्य मी आमच्या घरात ऐकलंय आणि त्यावरून झालेला वाद अजून मिटलेला नाही.

सुई लावल्याने कॅन्सर पसरत नाही. बायोप्सी टाळण्याचं हे कारणच होऊ शकत नाही.

आता बायरॅड्स. 4 म्हणजे कॅन्सर नव्हे. 4 म्हणजे नुसत्या फोटोवरून सांगता येत नाही, तुकडा काढून बघा. 3 असतं तर बहुधा साधंच आहे म्हणून सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलं असतं, 0 असतं तर जास्तीचे फोटो किंवा सोनोग्राफी. 4 मध्येही तीन पायऱ्या आहेत. 4ए ला कॅन्सर निघण्याची शक्यता 2 ते 10 टक्के, 4बी ला 10 ते 50 आणि 4सी ला 50 ते 95. एवढा फरक आहे! रिपोर्टमध्ये 4 च्या पुढे अक्षर आहे का बघा. नसेल तर रेडिओलॉजिस्टना सरळ विचारा, ते सांगतात.

माझं 4बी होतं. वय 49. महिला दिनाच्या शिबिरात शाळेतल्या आम्ही सगळ्या शिक्षिका तपासून आलो आणि नेमकं मला परत बोलावलं. सोनोग्राफीत उजव्या बाजूला, काखेकडच्या वरच्या भागात 11 मिलिमीटरची गाठ दिसली, कडा अस्पष्ट. तालुक्याच्या गावातले सर्जन फिल्म बघून म्हणाले, 'ॲडमिट व्हा, गाठ काढून टाकू, मग पाठवू तपासायला.' घरी थोरल्या दिरांना, म्हणजे अण्णांना, हे एकदम पटलं. सुईने पसरतो म्हणणाऱ्या अण्णांना सुरीची मात्र काही भीती वाटली नाही. 'एकदाचं काढून टाका, विषय संपला,' हे त्यांनी मला न विचारता ह्यांना सांगितलं.

मी नाही म्हटलं. मिरजेला दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी जे समजावलं ते तुम्ही नीट वाचा, कारण अशीच सूचना तुम्हालाही कुणीतरी करेल. गाठ साधी निघाली तर ऑपरेशनची गरजच नव्हती. आणि कॅन्सर निघाला, तर आंधळेपणाने काढलेल्या गाठीच्या कडांना पेशी उरलेल्या असू शकतात, पुन्हा ऑपरेशन करावं लागतं. काही जणींना आधी केमो देऊन गाठ लहान करायची असते, काखेतल्या गाठींचं काय करायचं ते आधी ठरवायचं असतं. कोणत्या जातीचा कॅन्सर आहे, हॉर्मोनवर वाढणारा आहे की नाही, हर-2 (पेशींवरचं एक प्रथिन) पॉझिटिव्ह आहे का, हे सुईने काढलेल्या तुकड्यावरून ऑपरेशनआधीच कळतं आणि त्यावर उपचारांचा क्रम ठरतो. म्हणून आधी सुई, मग गरज असेल तरच सुरी. जो सर्जन बायोप्सीशिवाय थेट काढू म्हणेल, त्याच्याकडून उठून या.

प्रत्यक्ष बायोप्सी अशी होते. उताणं झोपवतात, त्या बाजूचा हात डोक्यावर घ्यायला लावतात. भूल द्यायचं इंजेक्शन चांगलं चुरचुरतं, त्यानंतर दुखत नाही, दाबल्यासारखं वाटतं. एका हातात सोनोग्राफीचा प्रोब, दुसऱ्या हातात सुईचं यंत्र. डॉक्टरांनी आधी यंत्र हवेत वाजवून दाखवलं. 'असा खट्ट आवाज येईल, दचकू नका,' म्हणाले. तो आवाज ऐकून ठेवला होता म्हणूनच मी हलले नाही. चार-पाच वेळा खट्ट झालं. मान वळवून बघितलं तर छोट्या बाटलीत, औषधाच्या पाण्यात, शेवयांच्या तुकड्यांसारखे पांढुरके तुकडे तरंगत होते. एवढंसंच. मग सिस्टरने बराच वेळ हाताने दाबून धरलं, पट्टी लावली, रात्री झोपतानाही घट्ट ब्रा घालून ठेवायला सांगितली. पुढे काळंनिळं पडलं आणि आपोआप गेलं.

बाटली ह्यांच्या हातात दिली आणि लॅबला नेऊन द्या म्हणाले. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी असंच असतं. तुमच्या हातात दिली तर तिथेच चिठ्ठी वाचा: नाव, वय, डावी की उजवी बाजू. माझ्या बाटलीवर बाजू लिहायची राहिली होती, मी उठून बसल्या बसल्या लिहून घेतली.

रिपोर्ट आला तो 'स्क्लेरोझिंग ॲडेनोसिस'. ग्रंथींची साधी वाढ, कॅन्सर नाही. त्या डॉक्टरांनी तेवढ्यावर सोडलं नाही. फोटोत जे दिसत होतं त्याच्याशी हा रिपोर्ट जुळतो का, हे रेडिओलॉजिस्टना बघायला लावलं. जुळत नसेल तर साधा रिपोर्ट आला तरी पुन्हा तुकडा घ्यावा लागतो. माझं जुळलं. सहा महिन्यांनी पुन्हा फोटो, नंतर दरवर्षी.

अण्णांचं म्हणणं, 'बघ, काही निघालं नाही. उगाच पैसे घालवले, घरादाराला घोर लावला.' अजूनही चारचौघांत हेच सांगतात, आणि गप्प बसून हसणारे पाहुणेही भेटतात. काही निघालं नाही हे सुईमुळेच तर कळलं! नाहीतर भूल घेऊन, छातीवर टाके घेऊन कळलं असतं, किंवा वर्षानुवर्षं कळलंच नसतं.

त्यांची भीती कुठून आली तेही मला माहीत आहे. आमच्या चुलतसासूबाई सुई लावल्यावर काही महिन्यांतच गेल्या. घरात सगळ्यांनी मनाशी पक्कं केलं की सुईने घात केला. पण काकूंनी ती गाठ वर्षभर पदराखाली लपवली होती. कातडी ओढली गेली, काखेत गाठी आल्या, तेव्हा कुठे सुनेला सांगितलं. सुई लागली तेव्हा रोग आधीच हाडांत गेलेला होता. त्यांचं वर्ष गेलं ते लाजेत आणि 'बाईमाणसाने काय दाखवायचं' ह्या घरातल्या वातावरणात. ते वातावरण कुणी केलं होतं, हे अण्णांनी एकदा तरी स्वतःला विचारावं.

'तपासायला गेलीच नसतीस तर हे झालंच नसतं' हेही मी ऐकलंय. मुंबईत टाटा हॉस्पिटलने 1998 पासून वीस वर्षं वस्त्यांमधल्या दीड लाख बायकांचा अभ्यास केला. निम्म्या बायकांना प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासत होत्या. 2021 साली निकाल छापून आला: पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी. वेळेत बघितलं की बायका वाचतात, हे आपल्याच मातीतलं आहे.

काही गोष्टी राहिल्या. मी डॉक्टर नाही, माझी गाठ सोनोग्राफीत दिसत होती म्हणून सोपं गेलं. आईच्या फोटोत फक्त चुन्याचे बारीक कण असतील आणि सोनोग्राफीत काही दिसत नसेल, तर मॅमोग्राफीच्या मशीनवरच बायोप्सी करावी लागते. ती सोय बहुधा मोठ्या शहरातच मिळेल, आधी फोन करून विचारा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर बायोप्सीआधी सांगा, मनाने बंद करू नका. सुईच्या वाटेत काही पेशी सांडू शकतात, पण त्यातून तिथे कॅन्सर वाढल्याची उदाहरणं अगदी क्वचित नोंदली गेली आहेत, काका कुठून तरी तो कागद आणून दाखवतील. त्याने आयुष्य कमी झाल्याचं दिसलेलं नाही. आणि कॅन्सर निघालाच तर त्याचे उपचार महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतात, पैशांसाठी बायोप्सी लांबवू नका.

आईला कसं सांगायचं हे तुम्ही विचारलंय. आजच सांगा, रिपोर्ट तिच्या हातात द्या. शरीर तिचं आहे, काकांच्या आधी तिला कळायला हवं होतं. बायोप्सीला जाताना पुढून उघडणारा ब्लाउज घालू दे, जुन्या मॅमोग्राफीच्या फिल्म असतील तर त्याही सोबत न्या.