साथीत आईला बीसीजी टोचून घ्यावी का?

तुमचा प्रश्न असा आहे: आई ६८ वर्षांची, संधिवातासाठी स्टिरॉइड आणि मेथोट्रेक्सेट चालू. पुन्हा कोविडसारखी साथ आली तर क्षयरोगाची ही बीसीजी लस तिला वाचवेल असं तुम्ही ऐकलंय. ती द्यावी का? आणि तुमच्या बहिणीच्या चार महिन्यांच्या बाळाची बीसीजी राहून गेलीय, तिचं काय?

आईला देऊ नका. बाळाला लवकरात लवकर द्या.

मी परिचारिका आहे आणि बरीच वर्षं लसीकरणाच्या कामात आहे. बीसीजीबद्दल सगळ्यात आधी सांगायचं ते हे, की ती जिवंत जंतूंची लस आहे. काल्मेत आणि गेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी गुरांच्या क्षयाचा जंतू १३ वर्षं, २३० वेळा नव्या पोषक माध्यमावर वाढवत दुबळा केला. १९२१ मध्ये पॅरिसमध्ये ती पहिल्यांदा एका बाळाला दिली गेली. पण दुबळा म्हणजे मेलेला नव्हे. निरोगी माणसाचं शरीर त्याला आटोक्यात ठेवतं. प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली असेल, एचआयव्हीमुळे घटलेली असेल किंवा जन्मतःच कमी असेल, तर तोच जंतू अंगभर पसरू शकतो. असं फार क्वचित होतं, पण झालं तर जिवावर बेततं. तुमच्या आईची औषधं नेमकी याच प्रकारात मोडतात.

आता तुम्ही जे ऐकलंत ते आलं कुठून? मार्च २०२० मध्ये काहींनी देशादेशांची आकडेवारी शेजारी शेजारी मांडली. जिथे सगळ्यांना बीसीजी देतात तिथे कोविडचे मृत्यू कमी दिसले. त्या दिवसांत आम्हाला दुसरं काही हाताशी नव्हतं आणि मीही मनापासून आशा धरली होती. पण अशा देशांत लोकसंख्या तरुण असते, तपासण्या कमी होतात, साथ उशिरा पोहोचलेली असते. त्यातून लसीचा गुण वेगळा काढता येत नाही. इस्रायलमध्ये १९८२ पर्यंत सगळ्यांना बीसीजी मिळायची. त्या वर्षाच्या आधी आणि नंतर जन्मलेल्यांची तुलना केली, तर कोविड होण्याचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं.

तरी ती आशा पोकळ नव्हती. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाउ देशात कमी वजनाच्या बाळांना जन्मताच बीसीजी दिली, तेव्हा पहिल्या महिन्यातले मृत्यू एक तृतीयांशाहून जास्त घटले आणि ते सगळे क्षयाचे नव्हते. नेदरलँड्समधल्या मिहाई नेतेआ यांच्या गटाने दाखवलं की बीसीजीनंतर रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी इतर जंतूंवरही जास्त जोराने तुटून पडतात. याला प्रशिक्षित प्रतिकारशक्ती म्हणतात. उलट डेन्मार्कमध्ये ४,००० हून जास्त बाळांवर पाहिलं, तर दवाखान्यात दाखल होण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. म्हणजे हा परिणाम कुठे दिसतो, कुठे नाही.

कोविडसाठी मात्र थेट परीक्षा झाली. ऑस्ट्रेलियातून चालवलेल्या, पाच देशांतल्या चाचणीत सुमारे ४,००० आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी निम्म्यांना बीसीजी आणि निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी टोचलं. निकाल २०२३ मध्ये आला: सहा महिन्यांत लक्षणांसह कोविड बीसीजीवाल्यांत १४.७ टक्के, मिठाच्या पाण्यावाल्यांत १२.३ टक्के. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो, पण लसीचा उपयोग झाला नाही. बीसीजीने दाह भडकून आजार बळावेल ही सुरुवातीची भीतीही खरी ठरली नाही. निरोगी मोठ्या माणसाला दंडावर व्रण, काखेत गाठ, थोडा ताप एवढंच सहसा होतं. धोका आहे तो तुमच्या आईसारख्यांना.

आणखी एक गोष्ट मला सांगायलाच हवी. बीसीजीची कुपी गडद काचेची असते, तळाशी चिमूटभर पांढरी भुकटी. ती एकदा पातळ केली की सहा तासांत संपवायची, उरेल ती टाकायची. नवजात बाळाला ०.०५ मिलि लागतं, मोठ्या माणसाला ०.१, म्हणजे एका मोठ्याच्या टोचणीत दोन बाळांचे डोस जातात. जंतू फार सावकाश वाढतो, त्यामुळे मागणी वाढली म्हणून उत्पादन लगेच वाढत नाही. २०२० मध्ये निरोगी लोक लस मागायला यायचे तेव्हा मला याचीच धास्ती वाटायची. त्याच वर्षी जगात क्षयाचे नवे रुग्ण सापडण्याचं प्रमाण ७१ लाखांवरून ५८ लाखांवर घसरलं. रुग्ण कमी झाले नव्हते, शोधले गेले नव्हते. म्हणजे घराघरांत लहान मुलांशेजारी न ओळखलेला क्षय खोकत होता.

आईसाठी त्या-त्या विषाणूची लस आणि फ्लूची टोचायची लस (नाकात फवारायची नव्हे), न्यूमोनियासाठीची न्यूमोकोकल लस या जिवंत जंतू नसलेल्या लसी यांबद्दल संधिवाताच्या डॉक्टरांना विचारा.

बाळाचं मात्र या आठवड्यातच करा. मेंदूच्या आवरणाचा क्षय आणि अंगभर पसरणारा क्षय यांपासून ही लस बाळांना खरंच वाचवते. आधी परिचारिकेला सांगा की घरात कुणाला जुना खोकला आहे का, आणि बाळाच्या आईने गरोदरपणात प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेतली होती का. सुई कातडीतच, जवळजवळ आडवी शिरते. संत्र्याच्या सालीसारखी बारीक खळग्यांची पांढरट गांधी उठली, की बरोबर टोचली. ती अर्ध्या तासात बसते. दोन ते सहा आठवड्यांनी तिथे फोड येईल, फुटेल, थोडा पूही येईल. दाबू नका, मलम लावू नका, ती जागा उघडी आणि कोरडी ठेवा. काखेतली गाठ मोठी होत गेली किंवा मऊ पडली तर दाखवायला आणा.