रजिस्टरातले नाव आणि पेटीतले नाव

या महिन्यात सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे स्त्रियांच्या इतिहासाविषयी आहेत. विचारणारे वेगवेगळे असले तरी त्यांच्या अडचणी एकमेकींत गुंतलेल्या असल्यामुळे या वेळी सदराची सर्व जागा त्यांनाच दिली आहे.

प्रश्न : मी कोरेगाव तालुक्यातील एका शाळेत सहावी-सातवीला इतिहास शिकवते. गेल्या हिवाळ्यात मुलांना एक वस्तुसंग्रहालय दाखवून आणले. तलवारी, दांडपट्टे, चिलखते पाहून परतताना एसटीत एका मुलीने विचारले, "बाई, त्या वेळी बायका नव्हत्या का?" मला हसू आले, पण उत्तर देता आले नाही. पुढच्या वेळी मुलांना काय दाखवावे?

उत्तर : उत्तर देता आले नाही याचे वाईट वाटून घेऊ नका, कारण हा प्रश्न पुष्कळ जाणत्यांनाही सुचत नाही. तलवार लोखंडाची असते म्हणून टिकते आणि ती जपणाऱ्या घराण्याला तिचा अभिमान असतो म्हणूनही टिकते. लुगडे विरले की त्याची गोधडी होते आणि गोधडी फाटली की पायपुसणे. चूल वारंवार नव्याने घातली जाते. ओवी म्हणणारीबरोबर निघून जाते. दालनात आपल्याला तो काळ जसाच्या तसा दिसत नाही, त्या काळातून कोणी काय जपले एवढेच दिसते. मुलांना ही गोष्ट दालनात शिरण्यापूर्वी सांगितली, तर रिकामी जागाही त्यांना वाचता येऊ लागते.

पुढची सहल मी अजिंक्यताऱ्यापासून सुरू करीन. औरंगजेबाने १६९९ च्या डिसेंबरात या किल्ल्याला वेढा घातला आणि १७०० च्या एप्रिलमध्ये किल्ला पडला. मधल्या काळात, मार्चमध्ये, राजाराम महाराजांचे सिंहगडावर निधन झाले. त्यानंतर १७०७ मध्ये औरंगजेब मरेपर्यंत मराठ्यांची लढाई ज्यांनी चालवली त्या ताराबाई तेव्हा पंचविशीच्या होत्या. त्या हंबीरराव मोहित्यांच्या कन्या, म्हणजे कऱ्हाड तालुक्यातील तळबीडच्या. जिल्ह्यातील मुलांना हे अंतर एसटीच्या तिकिटाच्या भाषेत कळते, आणि ते तसे कळावेच.

मात्र ताराबाईंची गोष्ट १७०७ लाच थांबवू नये. पाठ्यपुस्तकी मांडणीत त्या तेथे अदृश्य होतात. प्रत्यक्षात त्या पानिपतानंतर, १७६१ च्या डिसेंबरात, साताऱ्यात वारल्या. मधल्या काळात त्यांनी रामराजांना आपला नातू म्हणून साताऱ्याच्या गादीसाठी पुढे आणले, १७५० मध्ये त्यांनाच साताऱ्याच्या किल्ल्यावर अडकवून ठेवले आणि पुढे ते आपले नातू नाहीत असेही सांगितले. हा भाग अडचणीचा वाटतो म्हणून गाळला जातो, आणि माझ्या मते तेथेच चूक होते. पुरुष राज्यकर्त्यांचे डावपेच आपण राजकारण म्हणून शिकवतो. राणीचे शौर्य तेवढे शिकवून डावपेच वगळले, तर ती कॅलेंडरावरचे चित्र होऊन बसते.

किल्ल्यावरून उतरल्यावर कृष्णा-वेण्णेच्या संगमावरील माहुलीला जावे. ताराबाईंची आणि येसूबाईंची समाधी तेथे आहे. येसूबाई १६८९ मध्ये रायगड पडल्यावर बाल शाहूंसह मोगलांच्या हाती सापडल्या आणि १७१९ मध्ये सुटून आल्या. शाहू १७०७ मध्येच सुटले होते. त्यांच्या सुटकेनंतरही आई आणखी बारा वर्षे ओलीस राहिली. ही वजाबाकी मुलांना स्वतः फळ्यावर करू द्यावी.

आपल्या गावाच्या वेशीजवळ किंवा देवळामागे सतीशिळा असण्याचीही बरीच शक्यता आहे. कोपरात वळलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला असतो, त्यावरून ती ओळखता येते. मुलांनी तिचे चित्र काढावे, मोजमाप घ्यावे आणि दगडावर कोणाचे नाव आहे का ते पाहावे. बहुतेक वेळा नसते. हळद-कुंकू वाहून परत येणे हा इतिहासाचा तास नव्हे. तो दगड कोणी उभारला आणि त्यात कोणाचा मोठेपणा मिरवला गेला, हे विचारण्यास सातवीची मुले लहान नाहीत.

सहल औंधपर्यंत नेता आली, तर १९३८ साली औंधचे संस्थानिक पंतप्रतिनिधी यांनी उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात राजा रविवर्म्यांची चित्रे आहेत. चित्रांत किती स्त्रिया आहेत आणि चित्रकारांत किती आहेत, असे दोन आकडे मुलांनी दालनभर मोजावेत. त्यावर आपण काही बोलण्याची गरज पडणार नाही.

प्रश्न : आमच्या शाळेत ३ जानेवारीला मुली सावित्रीबाईंचा वेश करतात, भाषणे होतात, फोटो निघतात. ८ मार्चला शिक्षिकांना गुलाबाचे फूल दिले जाते. याहून वेगळे काय करावे? (मुख्याध्यापक, वाई तालुका)

उत्तर : वेश करण्याला माझी हरकत नाही. सावित्रीबाईंचा जन्म १८३१ साली खंडाळा तालुक्यातील नायगावचा. वाईहून तेथे जाऊन अर्ध्या दिवसात परत येता येते, म्हणून वेश करणाऱ्या मुलींना आधी नायगाव दाखवावे. भाषणाऐवजी मुक्ता साळवे या विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध वर्गात मोठ्याने वाचावा. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या या मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. शिकवणाऱ्या बाईंचे भाषण दर वर्षी होते. शिकलेल्या मुलीचे म्हणणे क्वचितच ऐकू येते.

आपल्या जिल्ह्यातील शाळांत कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी मंगळसूत्रही मोडले, हे सांगितले जाते आणि तेथे टाळ्या पडतात. त्याग म्हटला की विषय संपतो. त्याऐवजी सातवीच्या गणिताच्या तासाला असे विचारावे : तीस मुलांना दोन वेळा भाकरी द्यायच्या, तर दिवसाला किती पीठ लागेल, ते जात्यावर दळायला किती वेळ जाईल, पाणी किती आणि जळण किती? उत्तर काढता काढता मुलांच्या ध्यानात येते की, वसतिगृह चालवणे म्हणजे काय होते आणि ते काम कोणाच्या हातांनी होत होते.

पण मला सर्वांत मोलाची वाटणारी वस्तू आपल्या कार्यालयातील कपाटात आहे. जुन्या शाळेचे जनरल रजिस्टर काढा. त्यात पहिल्या मुलीचे नाव कोणत्या वर्षी आले, दर दहा वर्षांनी मुली किती वाढल्या, त्या कोणत्या इयत्तेतून गेल्या आणि शाळा सोडण्याच्या कारणाच्या रकान्यात काय लिहिले आहे, हे मुलांनी आलेखावर मांडावे. 'लग्न', 'घरकाम', 'गैरहजर' असे शब्द मुलांना स्वतःच्या शाळेच्या शाईत दिसतात, तेव्हा सावित्रीबाईंनी १८४८ साली भिडेवाड्यात काय आरंभले याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. दोन पथ्ये पाळावीत. मूळ रजिस्टर मुलांच्या हाती देऊ नये, हव्या त्या रकान्यांची नक्कल करून द्यावी. आणि जातीचा रकाना व हयात व्यक्तींची नावे भिंतीवर लावू नयेत.

प्रश्न : स्त्रियांचा वेगळा इतिहास, वेगळा महिना, वेगळे संग्रहालय हे अमेरिकेतून आलेले खूळ आहे असे मला वाटते. इतिहास सर्वांचा असतो. (निवृत्त गृहस्थ, सांगली)

उत्तर : आपला आक्षेप मी अर्धा मान्य करतो. अमेरिकेत या महिन्याचा उगम मात्र राजधानीत झाला नाही. कॅलिफोर्नियातील सोनोमा या एका जिल्ह्यातील शाळांनी १९७८ साली स्त्रियांच्या इतिहासाचा आठवडा पाळला; १९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी तो देशभर जाहीर केला आणि १९८७ मध्ये काँग्रेसने, म्हणजे तेथील संसदेने, संपूर्ण मार्च महिना त्यासाठी दिला. म्हणजे तेही कोरेगावच्या बाईंसारख्या शिक्षकांचेच काम होते. तेथे मताधिकारासाठी लढलेल्या तीन स्त्रियांचा संगमरवरी पुतळा १९२१ साली संसद भवनाच्या मुख्य घुमटाखाली ठेवला गेला, लवकरच तळघरात हलवला गेला आणि १९९७ मध्ये पुन्हा वर आला. पुतळा तेवढी वर्षे अस्तित्वात होताच. प्रश्न तो कोठे ठेवला याचा होता. इतिहास सर्वांचा असतो हे आपले म्हणणे खरे आहे, तळघरातील भाग वर आणेपर्यंत त्याला वेगळे नाव द्यावे लागते, इतकेच.

प्रश्न : आमची आजी अलीकडे वारली. प्रतिसरकारच्या, म्हणजे इंग्रजांविरुद्ध चालवलेल्या समांतर सरकारच्या, काळात ती टोपल्यात भाकऱ्या घेऊन भूमिगतांकडे रानात जात असे, असे घरात सांगतात. तिची लोखंडी पेटी, दोन जुनी लुगडी, काही फोटो आणि ते टोपले आमच्याकडे आहे. एखादे संग्रहालय हे घेईल का? (तासगाव तालुका)

उत्तर : घेईल की नाही हे वस्तूपेक्षा तिच्याबरोबर आपण काय माहिती देता यावर अवलंबून आहे. टोपली घरोघरी असतात. कोणत्या बाईने, कोणत्या गावातून कोणत्या रानापर्यंत, साधारण कोणत्या वर्षी, कोणासाठी भाकऱ्या नेल्या, हे लिहून दिले की ते टोपले कागदपत्राइतके बोलते.

प्रथम नाव लिहा, आणि येथे बहुतेकांची चूक होते. आपल्याकडे लग्नानंतर स्त्रीचे आडनाव बदलते, मधले नाव बदलते आणि पुष्कळदा पहिले नावही बदलते. शाळेच्या रजिस्टरात ती एका नावाने असते आणि पेटीवर दुसऱ्या. अभ्यासकाला त्या दोन निरनिराळ्या बाया वाटतात. म्हणून माहेरचे पूर्ण नाव, माहेरचे गाव, सासरचे नाव आणि घरात ज्या नावाने हाक मारत ते नाव, अशी चारही माहिती नोंदवा. 'अमुक यांच्या पत्नी' एवढ्यावर थांबू नका. माहेरच्या शाळेत जाऊन रजिस्टरही पाहा. वाईच्या मुख्याध्यापकांना मी जे काम सांगितले ते दुसऱ्या टोकाने आपल्याकडे येते. आणि कागदपत्रे शोधताना ध्यानात ठेवा की, आपला भाग १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होता, नंतर दक्षिण सातारा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. प्रतिसरकारच्या काळातील, म्हणजे १९४३ ते १९४६ मधील कागद साताऱ्याच्या नावाखाली सापडतील.

घरातील गोष्ट खरी कशी मानायची, असे संग्रहालयाचे अभिरक्षक विचारतील आणि त्यांनी विचारलेच पाहिजे. आजीच्या वयाच्या ज्या कोणी गावात हयात असतील त्यांच्याकडे याच आठवड्यात जा आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या कन्या हौसाताई पाटील यांनी भवानीनगरच्या पोलीस चौकीसमोर एका साथीदाराबरोबर खोटे भांडण उभे केले, पोलीस ते सोडवायला बाहेर आले आणि इतरांनी आतील बंदुका पळवल्या, ही हकीकत त्यांनी नव्वदी ओलांडल्यावरही स्वतःच्या तोंडाने सांगितली. त्या २०२१ मध्ये गेल्या. कोणी विचारले म्हणून ती हकीकत राहिली. विचारताना "आजी शूर होत्या का?" असे विचारू नका, त्याला होकाराखेरीज उत्तर नसते. पीठ कोणाच्या घरचे असे, वाटेत कोणी भेटले तर काय सांगायचे ठरलेले असे, घरातील पुरुषांना हे ठाऊक होते का, असे विचारा. जात्यावरच्या ओव्या आठवत असतील तर त्याही घ्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवां यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून अशा लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांतही ओवीबरोबर म्हणणारीचे नाव आणि गाव नोंदवले आहे.

वस्तूंविषयी थोडक्यात सांगतो. लुगडी घडी घालून ठेवू नका, घडीवर कापड तुटते; धुतलेल्या, खळ नसलेल्या पांढऱ्या सुती कापडात घेऊन जाड नळीवर गुंडाळा. डांबराच्या गोळ्या कापडाला लागू देऊ नका. फोटोच्या मागे पेनाने लिहू नका, मऊ पेन्सिलने हलकेच लिहा. टोपल्याला वॉर्निश लावण्याचा मोह आवरा. धुरकट डाग, दुरुस्तीला बांधलेली सुतळी हे सर्व राहू द्या, कारण ते आजीच्या हातचे आहे.

संग्रहालयाला वस्तू देताना ती कायमची देता की काही वर्षांसाठी, हे लेखी ठरवा, आवक नोंदवहीतील क्रमांक मागून घ्या आणि ध्वनिमुद्रणाची एक प्रत त्याच क्रमांकाखाली ठेवायला सांगा. माहितीफलकाचा मजकूरही आपणच लिहून न्या. तयार मजकूर सहसा स्वीकारला जातो. 'जुने टोपले, विसावे शतक' असे त्यावर नसावे. वर आजीचे माहेरचे आणि सासरचे नाव, खाली गावापासून रानापर्यंतची वाट, आणि शेवटी ही हकीकत कोणी व केव्हा सांगितली ते.

पेटी मात्र अजून रिकामी करू नका. तिच्यातील प्रत्येक वस्तू कोणत्या थरात, कशाखाली ठेवली होती, याचे फोटो आधी काढा.